मुलांनी मुलांना दिलेलं

डिसेंबर १९३६ उजाडला तोवर ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला आपल्या राजाच्या प्रेमप्रकरणाचा फारसा पत्ता नव्हता. आठवा एडवर्ड वॉलिस सिम्पसन या अमेरिकन बाईशी लग्न करायला हटून बसला होता. अमेरिकेतली वर्तमानपत्रं त्यावर रकानेच्या रकाने लिहीत होती, पण ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. ३ डिसेंबरला ते कुलूप निघालं आणि ११ डिसेंबरला राजा पायउतारही झाला. नाताळची सुट्टी लागायच्या आत शाळाशाळांतली मुलं एक गाणं म्हणू लागली होती. चाल नाताळातल्या एका प्रसिद्ध भक्तिगीताची, शब्द मात्र सिम्पसनबाईंनी आपला राजा पळवल्याचे. हे गाणं रेडिओवर लागलेलं नव्हतं, कुठे छापून आलेलं नव्हतं, आणि एखाद्या शिक्षकाने ते शिकवलं असेल हे तर संभवतच नाही. तरीही एकमेकींपासून शेकडो मैल दूर असलेल्या शाळांत ते एकाच सत्रात पोचलं होतं.

ही नोंद सापडते ती १९५९ साली ऑक्सफर्डने छापलेल्या ‘द लोर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रन’ या जाडजूड पुस्तकात. लेखक आयोना आणि पीटर ओपी हे नवरा-बायको. शाळकरी मुलं मोठ्यांच्या नजरेआड एकमेकांना काय सांगतात, कशी चिडवतात, शपथा कशा घेतात, अदलाबदली कशी करतात, कोणत्या शकुन-अपशकुनांवर विश्वास ठेवतात, हे त्यांनी ७० शाळांमधल्या सुमारे ५,००० मुलांकडून गोळा केलं होतं. बालपणाचा अभ्यास म्हणजे मुलांना काय शिकवावं याचा अभ्यास, अशी समजूत तोवर पक्की होती. ओपींनी प्रश्नच फिरवला. मुलं एकमेकांना काय शिकवतात?

दोघंही कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हते. पीटर १९१८ साली कैरोत जन्मलेला, आयोना १९२३ सालची. युद्धकाळात ती महिलांच्या हवाई दलाच्या हवामान विभागात होती. १९४३ साली लग्न झालं, आणि पुढच्या वर्षाच्या सुमाराला, पहिलं मूल होणार असताना, शेताच्या कडेने फिरताना त्यांना एक लेडीबर्ड दिसला. इंग्लंडमधलं कुठलंही मूल करतं तेच त्यांनी केलं. तो किडा बोटावर घेऊन त्याला घरी उडून जा म्हणणारं बडबडगीत म्हटलं. किडा उडाला. मग दोघांच्या मनात आलं, की हे गाणं आपल्याला कुणी शिकवलं, ते किती जुनं, त्यातलं घर जळण्याचं प्रकरण काय आहे? उत्तर शोधायला ग्रंथालयात गेले ते आयुष्यभरासाठी. १९५१ साली त्यांचा बडबडगीतांचा ऑक्सफर्ड कोश निघाला. त्यात पाचशेहून अधिक गाण्यांचा माग काढलेला आहे, कोणतं गाणं पहिल्यांदा कधी छापलं गेलं, त्याची रूपं कशी बदलली, आणि त्याच्याभोवती कोणकोणत्या दंतकथा जमल्या.

हा कोश करतानाच त्यांना एक भेद दिसला, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा तोच आहे. बडबडगीतं आणि अंगाईगीतं मुलांना मोठी माणसं देतात. आजी आईला देते, आई मुलाला. त्यातल्या दोन हातांमध्ये वीस-पंचवीस वर्षांचं अंतर असतं, आणि गाणं निवडणारी व्यक्ती मोठी असते. शाळेच्या पटांगणातलं धन वेगळं. ते आठ वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलाला देतं. मोठ्यांना ते ऐकवायचं नसतं, बऱ्याचदा त्यांच्यापासून लपवायचं असतं. सहाव्या वर्षी मूल या जगात शिरतं आणि बाराव्या-तेराव्या वर्षी बाहेर पडून बहुतेक सगळं विसरतं. म्हणजे सहा वर्षांची एक पिढी धरली, तर सव्वाशे वर्षांत वीसहून अधिक पिढ्या होतात. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट ओळखू येऊ नये इतकी झिजायला हवी. ती झिजत नाही, हेच नवल. अठराव्या शतकात छापलेल्या एका विडंबनातल्या ओळींचे वंशज १९५०च्या दशकातल्या पटांगणात कसे भेटतात, हे ओपी टप्प्याटप्प्याने दाखवतात. कारण मुलं याबाबतीत कमालीची कर्मठ असतात. शब्द चुकला तर दुसरं मूल तिथल्या तिथे दुरुस्त करतं.

पण त्याच पटांगणात सिम्पसनबाईंचं गाणंही दोन आठवड्यांत मुरतं. जुनं जपण्याची चिकाटी आणि नवं उचलण्याची चपळाई या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदतात.

या पुस्तकातला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो आहे मुलांच्या कायद्याचा. न्यायालय नाही, पोलीस नाही, कागद नाही. तरी सौदा झाला की झाला, दिलेली वस्तू परत मागायची नाही, सापडलेली वस्तू कोणाची हे ठरवायला आधी ठराविक शब्द कोण म्हणालं ते पाहायचं. योग्य शब्द योग्य वेळी उच्चारले की ते बंधनकारक होतात. मोठ्यांच्या जगात सही-शिक्क्याला असते तेवढी ताकद इथे नुसत्या शब्दांना असते. आपल्याकडची कट्टी आणि बट्टी आठवा. करंगळी पुढे केली की संबंध तुटतात, दोन बोटं पुढे केली की जुळतात, आणि ती खूण केल्यावर ‘मी केलीच नव्हती’ असं कुणाला म्हणता येत नाही.

याच कायद्यातलं एक कलम म्हणजे तह. पकडापकडी ऐन रंगात आली, बुटाची नाडी सुटली किंवा दम लागला, की मूल बोटं एकमेकांवर चढवून एक शब्द उच्चारतं आणि त्या क्षणापुरतं त्याला कुणी शिवू शकत नाही. ओपींनी देशभरातल्या मुलांना हा शब्द विचारला आणि उत्तरं नकाशावर मांडली. नकाशा पाहिला की थक्क व्हायला होतं. लंडन आणि आग्नेयेकडे ‘फेनाइट्स’. वेल्स, पश्चिम इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या मोठ्या भागात ‘बार्ली’. ईशान्येला डरहॅमकडे ‘स्किंच’. पूर्वेला कुठे ‘किंग्ज’, कुठे ‘क्रॉसेस’. प्रत्येक शब्दाचा मुलूख जवळजवळ सलग, आणि आपल्या हद्दीपलीकडे दुसरा शब्द चालतो याची मुलांना गंधवार्ताही नाही. प्रौढांच्या बोलीभाषांचा अभ्यास करणारे संशोधक खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना गाठून असे नकाशे काढत होते. इथे तेवढीच पक्की सीमारेषा दहा वर्षांच्या पोरांनी सांभाळली होती. हे शब्द जुनेही आहेत. मध्ययुगीन इंग्रजीचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन, म्हणजे ‘द हॉबिट’चेच लेखक, यांनी ‘फेनाइट्स’चा धागा जुन्या फ्रेंचपर्यंत नेऊन दाखवला, तर ‘बार्ली’चं नातं ओपींनी चौदाव्या शतकातल्या एका काव्यातल्या शब्दाशी जोडलं.

मराठी मुलांचं ‘टॅम्प्लीज’ याच कुळातलं. इंग्रजीतून आलेलं असलं तरी मुलांनी ते मोठ्यांना न विचारता घेतलं, तोंडात बसेल तसं वळवलं आणि त्याला कायद्याचं बळ दिलं. ‘टॅम्प्लीज’ म्हटलेल्याला आउट करणारा मुलगा पटांगणात तोंड दाखवू शकत नाही. तसाच ‘कच्चा लिंबू’. धाकटं भावंड खेळात घ्यायलाच हवं, पण त्याच्यावर राज्य आणून रडवायचं नाही, म्हणून ते खेळतं आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लहानग्याला सामावून घेण्याचा हा नियम कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने लिहून दिलेला नाही.

ओपींच्या आधी असं काम कुणीच केलं नव्हतं असं नाही. अमेरिकेत विल्यम वेल्स न्यूएल यांनी १८८३ साली अमेरिकन मुलांच्या खेळगाण्यांचं पुस्तक काढलं होतं. इंग्लंडमध्ये ॲलिस बर्था गॉम यांचा ब्रिटनमधल्या पारंपरिक खेळांचा द्विखंडी कोश १८९४ आणि १८९८ साली आला. त्यात सुमारे आठशे खेळ आहेत आणि तो आजही उपयोगी पडतो. मात्र गॉम यांचं लक्ष मुलांकडे नव्हतं, मुलांच्या मागे लपलेल्या आदिमानवाकडे होतं. त्या काळच्या मानववंशशास्त्रात ‘अवशेषां’ची कल्पना जोरात होती. पूर्वजांचे गंभीर विधी झिजत झिजत मुलांच्या खेळात उरतात, म्हणून खेळ उकलला की विधी सापडेल, असा हा विचार. लंडन ब्रिज पडण्याच्या खेळात शेवटी एक मूल दोघांच्या हातांच्या कमानीत पकडलं जातं. गॉम यांना त्यात पुलाच्या पायात नरबळी देण्याच्या प्रथेची आठवण दिसली. कल्पना थरारक आहे, पण तिच्यात आज खेळणाऱ्या मुलाला काही जागाच उरत नाही. ते फक्त वाहक. आपण काय करतोय हे त्याला कळत नाही, ते अभ्यासकाला कळतं.

ही दृष्टी विद्वानांनी बरीचशी सोडून दिली, पण लोकांच्या मनातून ती गेलेली नाही. मराठी घरांतही हे आढळतं. बालवाडीत ‘रिंगा रिंगा रोझेस’ शिकून आलेल्या मुलाचं कौतुक चाललेलं असतं आणि कुणीतरी हमखास सांगतं, की हे गाणं भयानक आहे, ते लंडनच्या प्लेगचं आहे. गुलाबासारखं वर्तुळ म्हणजे अंगावरचा चट्टा, खिशातली फुलं म्हणजे दुर्गंधीवरचा उपाय, शिंका म्हणजे आजाराचं लक्षण, आणि शेवटी पडणं म्हणजे मरण. हा संदेश मोबाइलवर दर काही महिन्यांनी फिरून येतो.

ओपींनी हे तपासलं. लंडनची मोठी साथ १६६५ सालची. गाणं इंग्लंडमध्ये छापलेलं सापडतं ते १८८१ साली, केट ग्रीनअवे यांच्या सचित्र पुस्तकात. मधे दोनशेहून अधिक वर्षं आहेत. प्लेगच्या दिवसांची बारीकसारीक हकिगत रोजनिशीत लिहिणाऱ्या सॅम्युएल पेप्सच्या लेखनात या गाण्याचा मागमूस नाही, साथीवर १७२२ साली अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या डॅनिएल डिफोकडेही नाही. एकोणिसाव्या शतकात नोंदलेल्या अनेक रूपांत शिंकच नाही. काहींत शेवटी पडायचं नसतं, गुडघे वाकवून अभिवादन करायचं असतं. शिंका हे काही प्लेगचं ठळक लक्षणही नव्हे. युरोपात इतरत्र, जर्मनीतही, याच धाटणीची फेर धरून खाली बसायची गाणी आहेत, आणि त्यांचा लंडनशी संबंध नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्लेगचा हा अर्थ छापील स्वरूपात भेटतो तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे गाण्यापेक्षा त्याचा ‘प्राचीन’ अर्थच वयाने लहान आहे.

मग मोठ्यांना तो एवढा का आवडतो? मला वाटतं, मुलं गोल फिरतात, धपकन खाली बसतात आणि खदखदून हसतात, एवढ्यावर आपलं समाधान होत नाही. त्यामागे काहीतरी भारदस्त असल्याशिवाय ते लक्ष देण्याजोगं वाटत नाही. न्यूझीलंडचे ब्रायन सटन-स्मिथ यांनी याच वृत्तीवर बोट ठेवलं होतं. आपल्या देशातल्या मुलांच्या खेळांवर त्यांनी डॉक्टरेट केली, पुढे अमेरिकेत खेळाच्या अभ्यासाचं मोठं काम उभं केलं. १९७० साली एका निबंधात त्यांनी ‘क्षुल्लकपणाचा अडसर’ अशी कल्पना मांडली. मुलांचं बोलणं-खेळणं मुळातच बिनमहत्त्वाचं ठरवलं गेल्यामुळे मानसशास्त्र त्याच्याकडे फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा अडसर बाजूला केल्यावर काय दिसतं, याचा एक सुंदर नमुना फिलाडेल्फियात मिळाला. राज्य कुणावर, हे ठरवायला मुलं गोल उभी राहून ठेक्यात मोजतात. मोठ्यांना वाटतं की हा नशिबाचा भाग. विचारलं तर मुलंही तेच सांगतात. लोकसाहित्याचे अभ्यासक केनेथ गोल्डस्टीन यांनी मात्र मुलांना प्रत्यक्ष मोजताना पाहिलं, आणि १९७१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोजणारी मुलं गाण्याच्या शेपटीला आणखी एक ओळ जोडत होती, सुरुवात कुणापासून करायची ते हुशारीने निवडत होती, खेळणारी किती हे पाहून कोणतं गाणं घ्यायचं ते ठरवत होती. नशिबाच्या नावाखाली हिशेब चालला होता.

आपल्याकडे ‘दहा, वीस, तीस’ करत शंभरपर्यंत जाऊन मोजतात, त्यावर हे सहज पडताळता येतं. ठोके दहा. समजा चौघं आहेत, आणि ज्याच्यावर शंभर येईल तो सुटणार. पहिल्यापासून मोजायला लागलं की शंभर दुसऱ्यावर येतो. तो सुटला. आता तिसऱ्यापासून पुढे मोजायचं, उरले तिघे, दहावा ठोका पुन्हा तिसऱ्यावरच पडतो. तोही सुटला. मग चौथा आणि पहिला दोघेच राहतात. चौथ्यापासून सुरू केलं की शंभर पहिल्यावर, म्हणजे राज्य चौथ्यावर. दर वेळी. मोजणाऱ्याने स्वतःपासून सुरुवात केली तर चौघांत त्याच्यावर राज्य येणं शक्यच नाही. ज्या मुलाला भागाकारातली बाकी अजून वर्गात शिकवलेली नाही, त्याला हे अनुभवाने ठाऊक असतं. ‘मी मोजतो, मी मोजतो’ म्हणून झालेली भांडणं या नजरेने पाहण्यासारखी आहेत.

मुलांचं स्वतःचं काय आणि मोठ्यांनी त्यांना दिलेलं काय, हा प्रश्न मुलांच्या पुस्तकांच्या अभ्यासकांनाही दुसऱ्या बाजूने भेटला. इंग्रजी बालसाहित्याचा आरंभ बहुतेक इतिहास जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकाच्या १७४४ सालच्या छोट्या पुस्तकापासून धरतात. ‘अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक’ हे त्याचं नाव. नुसतं पुस्तक सहा पेन्सला, आणि आठ पेन्सला त्यासोबत मुलग्यासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची गादी. चेंडूची एक बाजू लाल, एक काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या. पुस्तकात पानोपानी मुलांचे खेळ चितारलेले आहेत, आणि प्रत्येक खेळाखाली एक धडा जोडलेला आहे. मुलांना खेळ आवडतो, तेव्हा त्या आवडीवर बोट धरून त्यांना शहाणपणाकडे न्यावं, असा हा बेत. या बेतापासून बालसाहित्य आजही फारसं लांब गेलेलं नाही. जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली पीटर पॅनवर लिहिलेल्या पुस्तकात तर असा मुद्दा मांडला, की मुलांचं साहित्य म्हणवणारं लेखन मोठ्यांनी लिहिलेलं असतं, त्यातलं मूल मोठ्यांना हवं असलेलं मूल असतं, आणि खरं मूल त्याच्या बाहेरच राहतं. मला हा निवाडा कठोर वाटतो. चांगलं पुस्तक मूल आपलंसं करून टाकतं, लेखकाच्या हेतूला न जुमानता. पण एवढं खरं, की ज्या वाङ्मयाचे लेखक, वाहक, टीकाकार आणि संपादक सगळे मुलंच आहेत, ते पटांगणातच सापडतं.

बालपण मुळात किती जुनं, यावरही वाद झाला. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली म्हटलं होतं, की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी अवस्था आहे अशी जाणीवच नव्हती, मुलं म्हणजे छोट्या आकाराची मोठी माणसं. या विधानाने बालपणाच्या इतिहासाला चालना दिली. पुढे लिंडा पोलॉक आणि निकोलस ऑर्म यांच्यासारख्या इतिहासकारांनी रोजनिश्या, पत्रं, शाळांची कागदपत्रं, जमिनीत सापडलेली खेळणी दाखवून त्याला जोरदार उत्तर दिलं. या वादात मला नेहमी पीटर ब्रॉइगेलचं १५६० सालचं चित्र आठवतं. ते आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. एका गावाचा चौक, त्यात दोनशेहून अधिक मुलं, ऐंशीच्या आसपास खेळ. कुणी लाकडी कडी पळवतंय, कुणी कोलांट्या मारतंय, कुणाचे डोळे झाकलेले. डाव्या कोपऱ्यात खाली दोघी बसून जनावरांच्या सांध्याच्या हाडांनी खेळताहेत. आपल्या सागरगोट्यांशी त्या खेळाचं साम्य लपत नाही. ही हाडं ग्रीक आणि रोमन मुलंही उडवत. दुसऱ्या शतकातल्या पोलक्स या ग्रीक कोशकाराने तर मुलांच्या खेळांची यादीच देऊन ठेवली आहे. त्यातल्या एका खेळात एका बाजूने काळा केलेला शिंपला किंवा खापरीचा तुकडा वर उडवायचा. कोणती बाजू वर येते त्यावरून कोणत्या गटाने पळायचं आणि कोणत्या गटाने पकडायचं ते ठरतं, आणि उडवणारा ‘रात्र’ की ‘दिवस’ असं ओरडतो.

एवढं जुनं ते इतकी शतकं टिकलं असताना, खेळ मरत चालल्याची ओरडही तितकीच जुनी आहे. न्यूएलना १८८३ साली खात्री होती की आपण शेवटचं पीक गोळा करतोय. गॉम यांच्या काळी शहरीकरणाला दोष दिला जाई. मग सिनेमाला, मग रेडिओला, मग दूरचित्रवाणीला. ओपींनी ५,००० मुलांचं पुस्तक काढल्यावर दहाच वर्षांत दुसरं काढलं, दहा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारलेलं, फक्त रस्त्यावरच्या आणि पटांगणातल्या खेळांचं. पीटर १९८२ साली वारले. आयोनाबाई १९७० पासून १९८३ पर्यंत जवळपास दर आठवड्याला हॅम्पशरमधल्या आपल्या लिस गावच्या शाळेत मधल्या सुट्टीत वही घेऊन उभ्या राहत होत्या. त्या ध्वनिमुद्रणही करत. त्या फिती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दोघांनी जमवलेली मुलांची सुमारे वीस हजार पुस्तकं १९८८ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला मिळाली. अर्धी किंमत लोकवर्गणीतून उभी राहिली आणि उरलेल्या अर्ध्यावर आयोनाबाईंनी पाणी सोडलं.

२००९ ते २०११ या काळात जॅकी मार्श, अँड्र्यू बर्न, ज्युलिया बिशप आदी संशोधकांनी शेफील्ड आणि लंडनमधल्या दोन प्राथमिक शाळांच्या पटांगणात हेच काम पुन्हा केलं. पडद्याने मुलांचे खेळ गिळले असतील अशी शंका घेऊन गेलेल्या माणसाला तिथे टाळ्यांची गाणी जोरात चाललेली दिसली असती. मुलं टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धा आणि भांडणांचे कार्यक्रम मांडून खेळत होती, परीक्षक होत होती, संगणकावरच्या खेळातली पात्रं घेऊन जुनी पकडापकडी खेळत होती. १९३६ची राजाची बातमी जशी भक्तिगीताच्या चालीत बसली, तसंच हे. करोनाच्या साथीत शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ज्याच्यावर राज्य तो विषाणू, अशी शिवाशिवी कित्येक देशांत मुलांनी आपापली काढली.

ओपींच्या कामातही उणिवा आहेत, आणि त्या सांगायला हव्यात. अश्लील म्हणता येईल असं बरंच साहित्य त्यांनी हाती आलं तरी छापलं नाही, त्यामुळे त्यांच्या पुस्तकातली मुलं प्रत्यक्षाहून थोडी सोज्वळ दिसतात. मुलांच्या या स्वयंशासित जगाबद्दल त्यांना इतकी माया होती, की त्यात ज्याला कुणी खेळायलाच घेत नाही अशा मुलाकडे त्यांचं पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. खेळात क्रौर्य असतं, गटबाजी असते, आणि मोठ्यांना खेळ नेहमी विकासाचं साधन म्हणून पाहायची घाई असते, याची आठवण सटन-स्मिथ यांनी पुढे सतत करून दिली.

तरी १९६९ सालच्या पुस्तकात ओपींनी दिलेला एक इशारा आज अधिकच पटतो. मुलांच्या खेळाला मोठ्यांनी उत्तेजन द्यायला घेतलं की तो संपतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मोकळ्या माळावर आणि गल्लीत खेळणारी मुलं शाळेच्या कुंपणात कोंडलेल्या मुलांपेक्षा कमी आक्रमक असतात, हेही त्यांचं निरीक्षण. मोठ्यांनी हात घातलेला खेळ वाईटच होतो असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, हुतूतूची कबड्डी होऊन ती जगभर गेली, हे महाराष्ट्राचं मोठं काम आहे. पण नियमपुस्तिकेतल्या खेळात पंच असतो. गल्लीतल्या खेळात पंच नसतो, म्हणून भांडण मुलांनाच मिटवावं लागतं, नियम मुलांनाच वाकवावा लागतो, आणि कच्चा लिंबू तिथेच जन्माला येतो.

तेव्हा काळजी करायची तर खेळांच्या यादीची नको, वेळेची आणि जागेची करावी. इंग्लंडमध्ये एड बेन्स आणि पीटर ब्लॅचफर्ड यांनी १९९५, २००६ आणि २०१७ अशा तीन वेळा शाळांमधल्या सुट्ट्यांची पाहणी केली. सर्वांत लहान वर्गांतल्या मुलांची आठवड्याची मोकळी सुट्टी १९९५च्या मानाने ४५ मिनिटांनी घटली होती, आणि वरच्या वर्गांतल्यांची त्याहून जास्त. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात गाड्या लागल्या, ‘खेळण्यास मनाई’च्या पाट्या लागल्या, आणि शाळा व क्लास यांच्या मधला तास नाहीसा झाला, हे कुणालाही उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मराठीत ओव्या, भोंडल्याची गाणी, अंगाई, लोककथा गोळा करणाऱ्यांची थोर परंपरा आहे. मोठ्यांनी मुलांना काय दिलं ते आपण बरंच जपलं. मुलांनी मुलांना काय दिलं याकडे त्या मानाने फार थोड्यांचं लक्ष गेलं. टॅम्प्लीजला कोल्हापुरात काय म्हणतात, गोंदियात काय, पणजीत काय, लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत काय, याचा नकाशा काढायला लागणारी साधनसामग्री प्रत्येक शाळेत आहे. ओपींचं बरंचसं काम शिक्षकांच्या मदतीने झालं. मुलांना आपापले खेळ आणि त्यांचे नियम लिहून द्यायला सांगायचे, एवढीच रीत. एखाद्या मराठी शिक्षकाने चौथी-पाचवीच्या वर्गात एक तास ‘मधल्या सुट्टीत आम्ही काय खेळतो, आणि ते कुणी शिकवलं’ एवढाच विषय फळ्यावर लिहावा. कागदावर गाव, तारीख आणि वय घालून घ्यावं. आणि ते कागद तपासू नयेत. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, खाडाखोडीसकट, जसे आले तसे बांधून ठेवावेत.